मोठ्यांसाठीचा पिक्चर

आई तो पिक्चर बघून आली आणि त्या दिवसापासून तिनं तात्यांशी बोलणं टाकलं. तात्या म्हणजे माझे वडील. भांडण झालं नाही, भांडी आपटली नाहीत. तात्यांच्या ताटात भाकरी पडायची, कालवण पडायचं, पाण्याचा तांब्या उजव्या हाताशी यायचा, फक्त शब्द यायचा नाही. कासारवाडीच्या चाळीतली आमची खोली एवढीशी, की चुलीपाशी बसून हात लांब केला तर दाराची कडी लागेल. तेवढ्या जागेत आई म्हणायची, "शके, तुझ्या बापाला सांग, रॉकेल संपलंय." तात्या तिच्यापासून हातभर अंतरावर विडी पेटवत बसलेले. मी म्हणायचे, "तात्या, रॉकेल संपलंय." तात्या म्हणायचे, "तिला सांग, उद्या आणतो." माझा धाकटा भाऊ दिलीप तेव्हा सात वर्षांचा. त्याला हा खेळच वाटायचा. तो मध्ये उडी मारून ओरडायचा, "आई, तात्या उद्या आणतायत!" आणि हसायचा. कुणी हसत नाही म्हटल्यावर हळूहळू तोही गप्प झाला.

तीन आठवडे असे गेले. मला त्या घरात श्वास घ्यायला जड व्हायचं. मी चौथीत शाळा सोडलेली, दिवसभर घरातच. खोलीच्या मागून रेल्वेलाईन. गाडी गेली की फळीवरची भांडी वाजायची, आणि त्या दिवसांत आमच्या घरात तेवढाच आवाज होता. मी कारण नसताना नळावर जायचे, भरलेली कळशी ओतून पुन्हा भरायचे. आईला विचारलं, "काय झालंय?" तर म्हणाली, "काय न्हाई. पीठ चाळ." तात्यांना विचारायची सोयच नव्हती. एवढं मात्र कळत होतं, की जे काही झालंय ते त्या पिक्चरमध्ये आहे. आणि तो पिक्चर मला बघता येत नव्हता, कारण तो मोठ्यांसाठीचा होता.

पिक्चर म्हणजे नटनट्यांचा नव्हे. तात्यांच्या कंपनीत लांबलचक संप झाला होता, त्याचा खराखुरा पिक्चर. आता त्याला डॉक्युमेंटरी म्हणतात, आम्ही संपाचा पिक्चर म्हणायचो. तात्या ओतकामाला होते, वितळलेलं लोखंड साच्यात ओतायचं काम. संप सुरू झाला तसा कंपनीचा भोंगा तर वेळच्या वेळी वाजायचा, पण आत कुणी जायचं नाही. गड्यांना घरात बसायची सवय नव्हती. ते ओट्यावर बसून एकमेकांच्या चपला शिवायचे. आम्ही माणदेशातले, म्हणून आईला हुलग्याचं माडगं करता यायचं. मूठभर हुलग्याच्या पिठात चौघं जेवतील असं पातळ माडगं. सुरुवातीला शेजारणी नाकं मुरडायच्या, दोन महिन्यांनी वाटी घेऊन दारात यायला लागल्या.

अशात मुंबईहून दोन बापे आणि एक बाई कॅमेरा घेऊन आले. बाईच्या खांद्यावर कायम मोठी कापडी पिशवी, म्हणून आम्ही तिला पिशवीवाली बाई म्हणायचो. युनियनच्या ऑफिसात सतरंजीवर झोपायची. आमच्याकडे माडगं प्यायली आणि "छान आहे" म्हणाली. छान नव्हतं. पण बाई वाईट नव्हती. एक दिवस मी कंपनीच्या गेटवर भाकऱ्या घेऊन चालले होते, तर त्यांनी माझाही पिक्चर घेतला. "कॅमेऱ्याकडे बघू नकोस हं," बाई म्हणाली. मी बघितलं. मग मला परत मागे पाठवून पुन्हा चालायला लावलं. तेव्हा काही वाटलं नाही. त्या संपाच्या पिक्चरमध्ये मी भाकऱ्या घेऊन जाताना दिसते ते दुसऱ्यांदा चाललेलं आहे.

संप अर्धामुर्धा मिटला, भोंग्यावर माणसं पुन्हा आत जायला लागली. त्यानंतर बऱ्याच महिन्यांनी पिक्चर तयार होऊन आला, तो सरकारी शिक्का घेऊन. फक्त प्रौढांसाठी. आधी बाप्यांनी पाहिला. ते बघून आले आणि आमच्या चाळीसमोर चर्चा झाली, ती मी खिडकीतून ऐकली. नाना कदम म्हणून युनियनचे एक जण आमच्या चाळीत होते, नियमाला फार धरून. ते म्हणाले, "अठराच्या खालच्या पोरांना आत घ्यायचं न्हाई. कागदावर लिहिलंय. आपणच नियम मोडला तर उद्या पिक्चर जप्त करतील."

शेजारचे बाबूराव उसळले. "अहो राव, पोरं गेटवर होती तवा हा नियम कुठं होता? लाठ्या पडताना बघितल्या की त्यांनी. आता पडद्यावर बघितल्या तर काय डोळे जातील?"

"रक्त हाय त्यात."

"आपलंच हाय ना?"

"शिव्या पण हायेत."

"कुणाच्या?"

"तुझ्या आईच्या, भावा," कुणीतरी मागून म्हणालं आणि सगळे हसले. बाबूरावांची आई गंगूमावशी. तिनं गेटवर फौजदाराला त्याच्या सात पिढ्यांसकट जे ऐकवलं होतं ते सगळं पिक्चरमध्ये आलं होतं म्हणे. त्या शिव्या आम्ही पोरं रोज सकाळी नळावर फुकट ऐकत होतो. 

तेवढ्यात तात्या बोलले. तात्या कधी चारचौघांत बोलायचे नाहीत. सभेत मागं भिंतीला टेकून बसायचे. ते उभे राहिले आणि म्हणाले, "पोरांना दाखवायचा न्हाई. नाना म्हणतात ते बरोबर हाय." आणि मला आश्चर्य वाटलं ते पुढचं. तात्या बोलल्यावर कुणी वाद घातला नाही. बाबूरावसुद्धा मान खाली घालून "बरं, तात्या, तुम्ही म्हणताय तर," म्हणाले. त्याच दिवसापासून टपरीवर लोक उठून तात्यांना बाकड्यावर जागा द्यायला लागले. का ते मला कळत नव्हतं. पुढच्या रविवारी बायकांचा शो होता. तात्या आईला म्हणाले, "ऊन लई हाय, तू कशाला जातीस?" पण आई गेली. परत आली ती मुकी होऊन. संध्याकाळी गंगूमावशी वाटीभर शिरा घेऊन आली. "एवढं झालं आणि तू बोलली न्हाईस गं कधी," म्हणाली आणि आईच्या पाठीवरून हात फिरवून गेली. त्या शिऱ्याला आईनं हात लावला नाही. दिलीपनं खाल्ला.

आमच्यात आणखी एक होता, ते सांगायला हवं. दिलीपच्या पाठचा बंडू. कासारवाडीला यायच्या आधी आम्ही दापोडीला राहायचो, तिथं तो दीड वर्षाचा होऊन तापानं गेला. त्याला मीच कडेवर वाढवला होता. माझ्या उजव्या कमरेचं हाड अजून थोडं वर आहे, डॉक्टर विचारतात कशामुळे, मी सांगत नाही. तो गेल्यावर आईला त्या खोलीत राहवेना, पण कासारवाडीला खोली मिळून आम्ही आलो तेव्हा संप नुकताच सुरू झाला होता. इथं बंडू कुणाला माहीत नव्हता. त्याचं नाव घ्यायचं नाही असं काही ठरलं नव्हतं, पण कुणी घेत नव्हतं.

तर मी पिक्चर बघायचं ठरवलं. तेव्हा माझं वय किती होतं? सोळा किंवा सतरा. अठराही असेल. शाळेत घालताना मास्तरांनी उजवा हात डोक्यावरून घेऊन डावा कान धरायला सांगितला. बोटं कानाला लागली म्हणून सहा वर्षांची, आणि जन्म एक जूनचा. वर्गातल्या निम्म्या पोरांचा जन्म एक जूनचा होता. माझे हात लांब आहेत, त्यामुळे मी कदाचित पाचच वर्षांची असेन. आज आधार कार्डावर तीच तारीख आहे आणि त्या दिवशी बँकेचा वाढदिवसाचा मेसेज येतो.

बायकांचा दुसरा शो पिंपरीला युनियनच्या हॉलमध्ये होता, आकुर्डी-निगडीकडच्या बायकांसाठी. तिथं मला ओळखणारं कुणी नव्हतं. पण दाराशी नाना कदमांनी बसवलेला एक माणूस होता, आणि तो वय कसं ओळखतो ते मला माझ्या मैत्रिणीनं सांगितलं. ही मंदा. आमच्याच चाळीतली सून, माझ्यापेक्षा दीड-दोन वर्षांनी लहान. लग्न झालेलं, सातवा महिना चालू. ती म्हणाली, "कागद कुठं मागतोय तो? गळ्याकडं बघतो. डोरलं असलं की मोठी." म्हणजे मंदा मोठी होती आणि मी लहान होते.

"मग तुझं दे," मी म्हणाले.

"येडी का खुळी? पोटुशी बाई डोरलं काढती का कधी? माझी सासू मला जित्ती ठेवंल का?"

"तुझं पोट दिसतंय की. तुला कोण अडवणार?"

ती हसली. मग विचार करायला लागली. मंगळसूत्र गाठवायला सोनाराकडे दिलं, की बायका तेवढ्यापुरतं हळकुंड दोऱ्यात बांधून गळ्यात घालतात. मंदानं तेच केलं. मसाल्याच्या डब्यातलं चांगलं जाडसं हळकुंड निवडलं, दोऱ्यात ओवून गळ्यात घातलं, पदर वर ओढून घेतला. मग आपलं काळ्या मण्यांचं मंगळसूत्र माझ्या गळ्यात घातलं. "शके, हे तुटलं-बिटलं तर बघ. त्यांना ड्युटीवर काही झालं तर तुझ्या नावानं बोंबलीन." आईची जुनी साडी मी पिशवीत आणली होती, ती मंदाच्याच खोलीत नेसले. दाराशी माणसानं माझ्या गळ्याकडे पाहिलं आणि "बसा वहिनी" म्हणाला. मंदाकडे बघून मात्र म्हणाला, "ताई, अशा दिवसांत असलं बघू नये." तरी आत सोडलं.

दुपारची वेळ. खिडक्यांना घोंगड्या लावलेल्या, आत घामाचा आणि मोगऱ्याचा वास. पिक्चरच्या मशिनचा शिवणयंत्रासारखा आवाज सुरू झाला. आधी पडद्यावर तो छापील कागद आला, शिक्क्याचा. मग भोंगा. अंधारात भोंगा ऐकल्यावर दोन-तीन बायका सवयीनं उठायलाच लागल्या. मग गेट, पायच पाय, गंगूमावशीच्या शिव्या. हॉल खदाखदा हसला. एका माणसाचं डोकं फुटलेलं, रक्त कॉलरमध्ये उतरत होतं. मी डोळे मिटले नाहीत. मला तो माणूस माहीत होता, त्याच्या बायकोनं टाके बरे झाल्यावर त्या डोक्याला तेल लावताना मी पाहिलं होतं. मग मीच आले, भाकऱ्या घेऊन चालले आणि गेले. मंदानं मला कोपरानं ढोसलं. हे बघायला मला बंदी होती.

मग आमच्या चाळीची भिंत दिसली. पिशवीवाली बाई दिसत नव्हती, तिचा आवाज ऐकू येत होता. ती एकेकाला विचारत होती, "या संपात तुम्ही काय गमावलं?" एक जण म्हणाला, गावची म्हैस विकली. एक म्हणाला, बायको माहेरी गेली ती आलीच नाही. मग बाजेवर बसलेले तात्या. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. कॅमेरा हलला नाही. मग तात्या म्हणाले, "माझा पोरगा गेला."

"केवढा होता?"

"दीड वर्साचा. बंडू नाव त्याचं."

"कशानं गेला?"

"दूध न्हवतं. औषध न्हवतं. संप चालू होता." एवढं बोलून तात्या रडले. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. दोन्ही मुठी डोळ्यांवर दाबून, पोरासारखे. हॉलमध्ये बायकांचे हुंदके सुरू झाले. मंदानं माझा हात धरला. "शके, तुमी कधी बोलला न्हाईत गं."

बंडू गेला तेव्हा संपाचं कुणाच्या मनातसुद्धा नव्हतं. संप झाला त्याच्या सात-आठ महिन्यांनी. बंडू होता तेव्हा दूध होतं. ते मीच त्याला पाजलं होतं, आणि त्यानं ओकून टाकलं होतं. औषधही होतं. लाल रंगाचं, आईनं चमच्यानं घातलं होतं. कंपनी चालू होती. त्याला पुरून आल्यावर दुसऱ्या दिवशी तात्या पहिल्या पाळीला गेले. हे कासारवाडीत तीनच माणसांना ठाऊक होतं, आई, तात्या आणि मी. आणि इथं शंभरभर बायका माझ्या बंडूसाठी रडत होत्या, तो ज्यानं मेला नाही त्या कारणासाठी.

आज लोक म्हणतात, असले पिक्चर पोरांनी बघितले की त्यांची डोकी भडकतात. माझं भडकलं, खरंच. पण रक्तानं नाही आणि शिव्यांनी नाही. ज्यानं शिक्का मारला त्यानं रक्त मोजलं असेल, शिव्या मोजल्या असतील. बंडू कधी गेला हे त्याला कोण सांगणार होतं? ते कळायला तिथं मी हवी होते, आणि मलाच बाहेर ठेवलं होतं.

पिक्चर संपला, घोंगड्या काढल्या, उजेडानं सगळ्या डोळे चोळायला लागल्या. शोसाठी मुंबईहून आलेली पिशवीवाली बाई पुढं उभी राहिली आणि म्हणाली, "तुम्हाला काय वाटलं ते मोकळेपणानं बोला." मी उभी राहिले. कधी उभी राहिले ते मला कळलंच नाही.

"मला बोलायचंय. त्या बंडूचं."

"हो, बोला ना. तुम्ही कोण? नाव काय तुमचं?" बाईनं मला ओळखलं नाही. परकर-पोलक्यातल्या पोरीला तिनं पाहिलं होतं, साडीतल्या बाईला नाही.

मागून एक म्हातारी म्हणाली, "कुणाची गं सून ही?"

मी काय सांगणार? तात्यांची मुलगी म्हणाले असते, तर गळ्यात हे कुणाचं, कुणाशी लग्न केलंस, दारातून आत कशी आलीस, सगळं निघालं असतं. मंदाचं निघालं असतं, तिची सासू तिला घराबाहेर काढती. तात्यांचं खोटं सांगायला उभी राहिले आणि माझं खोटं गळ्यात लटकत होतं. मंदानं पदर ओढला. मी बसले. बाईनं जरा वाट बघितली आणि म्हणाली, "भावना अनावर झाल्या त्यांच्या." सगळ्या माझ्याकडे मायेनं बघायला लागल्या. तो अपमान मी अजून विसरले नाही.

बाहेर पडल्यावर मी मंदासाठी थांबले नाही. पिंपरीहून कासारवाडीपर्यंत रेल्वेलाईनच्या कडेनं तरातरा चालत आले, साडीत पाय अडकत होते. सारखं एकच मनात, की तात्या आले की विचारायचं. घरात शिरले तेव्हा आई तांदूळ निवडत होती. तिनं वर बघितलं, आधी माझ्या अंगावरच्या तिच्या साडीकडे, मग माझ्या गळ्याकडे. सूप तिच्या हातातून पडलं.

"कुणाशी केलंस?"

"काय?"

"कुणाशी केलंस, भवाने! कोण हाय तो?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की मंगळसूत्र गळ्यातच राहिलंय. आईनं माझ्या दोन थोबाडीत दिल्या तेव्हा कुठं मला सांगता आलं, की मंदाचं आहे, पिक्चरसाठी घातलंय. आई हात वर तसाच ठेवून थांबली. "काढ ते आधी. पोटुशी पोरीचं डोरलं घालून गावभर हिंडतीस." मी काढून दिलं. तिनं ते मुठीत धरलं आणि भिंतीला टेकून खाली बसली.

"बघितलास?"

"व्हय."

"काय बघितलंस?"

"बंडू," मी म्हणाले.

सांडलेले तांदूळ आम्ही दोघींनी वेचले. मग मी मंदाकडे जाऊन तिचं तिला देऊन आले. तिची सासू देवळात गेली होती म्हणून वाचलो. मंदानं हळकुंड काढून मला दिलं आणि म्हणाली, "हे तूच ठेव. माझ्या घरात नको."

परत आले तोवर पहिली पाळी सुटून तात्या आले होते. उंबऱ्यावर बसून बुटाची नाडी सोडत होते. आई चुलीपाशी उभी होती. ती थेट त्यांच्याकडे बघून म्हणाली, "शकीनं बघितला." तीन आठवड्यांत पहिल्यांदा ती त्यांच्याशी बोलली. दिलीपनं सवयीनं तोंड उघडलं आणि मिटलं.

तात्यांचा हात नाडीवरच राहिला. "मी म्हणलं होतं, पोरांना दाखवू नका."

"का दाखवू नका? पोरांच्या ध्यानात हाय म्हणून?"

"सगळे काय काय सांगत होते," तात्या म्हणाले. "त्या बाईनं इचारलं, काय गमावलं. माझ्याकडं सांगायला म्हैस न्हवती. कॅमेरा हलंना. माझ्या तोंडातून बंडूच निघाला. मग कशानं गेला म्हणली, तर... तवा तसंच वाटलं. त्या येळेला खरं वाटलं."

मी विचारणार होते ते सगळं विसरले. आई म्हणाली, "खोटं बोलला त्याचं मला काय न्हाई. युनियनसाठी लोक काय काय बोलले. पण तुम्ही रडला. दापोडीत त्याला ठेवून आलो आणि दुसऱ्या दिवशी डबा घेऊन गेला. मी दोन महिने भिंतीकडं तोंड करून झोपले. एक टिपूस न्हाई काढलंत तुम्ही माझ्यापुढं. आणि परक्या बाईपुढं, मिशीनपुढं, एवढं रडला?"

"तिनं इचारलं."

"मी इचारलं न्हाई?"

"न्हाई," तात्या म्हणाले. "तू कधीच इचारलं न्हाईस."

मागून गाडी गेली, भांडी वाजली. मग आईनं भाकरी थापायला घेतली. तात्यांनी एक बूट काढला होता, दुसरा पायातच. तसेच ते आत येऊन तिच्यासमोर बसले. कुणी कुणाला काही विचारलं नाही. पण थोड्या वेळानं आई म्हणाली, "त्याला लाल औषध लई आवडायचं. वाटी चाटायचा." तात्या म्हणाले, "मला ठावं न्हवतं." मी दिलीपला घेऊन बाहेर ओट्यावर गेले. ते बोलणं माझ्यासाठी नव्हतं, एवढं मला त्या वयात कळत होतं, शिक्का नसतानाही.

पुढच्या सुट्टीला तात्या मुंबईला गेले, त्या बाईला भेटून तेवढा तुकडा काढा म्हणून सांगायला. बाईनं ऐकून घेतलं म्हणे, तिचेही डोळे भरून आले, पण म्हणाली, पिक्चर पास झालाय, शिक्का बसलाय, आता एक फूटही काढायचा तर पुन्हा सगळं पहिल्यापासून. आणि तोच तुकडा बघून तर लोक रडतात. तात्या परत आले, घडलं ते आईला सांगितलं, मला मध्ये न घेता. त्यानंतर घर चालू झालं. पूर्वीसारखं झालं असं म्हणणार नाही. टपरीवर कुणी उठून जागा दिली, की तात्या आयुष्यभर उभंच राहून चहा प्यायले.

आता मी संत तुकाराम नगरात मुलाकडे असते. मुलगा चाकणला कंपनीत आहे, नात आर्या अकरावीत. मागच्या आठवड्यात कुणीतरी तो पिक्चर शोधून काढला आणि रविवारी इथल्या हॉलमध्ये दाखवणार आहेत. सोसायटीच्या ग्रुपवर भांडण पेटलंय. पोरांना न्यावं की नाही. माझा मुलगा म्हणतो, "आई, जुना शिक्का आहे, अठरा पूर्ण पाहिजेत. आणि हे राजकारण पोरींच्या डोक्यात कशाला?" आर्या म्हणते, "बाबा, मी मोबाईलवर रोज काय काय बघते माहितीये का तुम्हाला?" त्याला माहीत नाही. मला थोडं माहीत आहे, कारण ती माझ्या शेजारी बसून बघते.

मला विचाराल तर पोरांनी बघावं. मोबाईलवर एकट्यानं मात्र बघू नये. शेजारी असं कुणीतरी असावं, ज्याला ठाऊक आहे काय झालं होतं. असं कुणी नसेल तर आम्ही मोठ्यांनीही बघू नये.

रविवारी मी जाणार आहे. आर्याला बरोबर नेणार आहे, मुलगा काहीही म्हणो. दाराशी कुणी अडवलं तर तिच्या गळ्यात काही घालायची गरज नाही, माझ्याबरोबर आहे म्हणेन. ती बाई आता हयात आहे की नाही कोण जाणे, पण पिक्चर संपल्यावर कुणीतरी उठून म्हणेलच, तुम्हाला काय वाटलं ते बोला. गुडघे दुखतात, उठायला वेळ लागेल, थांबा म्हणेन. तुम्ही कोण, असं विचारतील. बंडूची बहीण, म्हणून सांगेन.